बापूसोंची बिनविरोध निवड

कुठलंही काम अडलं की सरळ मालकाला गाठायचं, हे कबनूरच्या बापूसो मगदूमांचं ठाम मत होतं. "मालक सापडला की काम झालं म्हणून समजा!" हे वाक्य ते असं दणकून म्हणत की यंत्रमागांचा खडखडाटही क्षणभर दबून जाई. याच मताच्या जोरावर त्यांनी वायरमनपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना सुतासारखं सरळ केलं होतं. पण त्यांच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या संगणकानं त्यांना पार चक्रावून सोडलं.

साडीच्या काठावर कोणती नक्षी विणायची, हे तो संगणक मागाला सांगायचा. त्यानं सांगावं आणि मागानं मोर काढावा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एके सकाळी तो सुरूच होईना! मग कोल्हापूरच्या राजारामपुरीतून संगमेशला बोलावलं. संगमेश संगणक दुरुस्तीत पक्का, पण बोलायचा इतका हळू की कारखान्यात त्याचं निम्मं बोलणं मागच खाऊन टाकत.

"काका, मशीन ठणठणीत हाय. त्याच्या आतली प्रणाली गेलीया. ती बनवणारी कंपनीच आता न्हाय."

"न्हाय म्हंजे? मालकाला फोन लाव की!"

"कंपनी दुसऱ्यानं इकत घेतली. पहिल्या मालकानं प्रणाली कशी बनवली ते सगळं लोकांना खुलं करून दिलं होतं. नव्या मालकानं दार लावून घेतलं. पण एकदा वाटलेलं परत कसं घेणार? तेच घेऊन लोकांनी मिळून पुढं चालवलंय. ती नवी प्रणाली बसवतो."

"म्हंजे भावकी फुटली आणि धाकटी पाती वेगळी राहिली, असं म्हण की!"

"तसंच समजा."

"मग ह्या वेगळ्या घराचा कर्ता कोण?"

"कुणीच न्हाय. एक जण जर्मनीत बसून करतोय, एक ब्राझीलमध्ये. ज्याला जमंल त्यो करतोय."

कर्ता न्हाय आणि घर चाललंय! असलं घर बापूसोंनी अख्ख्या हातकणंगले तालुक्यात पाहिलं नव्हतं.

प्रणाली बसली, मोर पुन्हा उतरू लागले. पण थोड्याच दिवसांत संगमेश घाबराघुबरा होऊन आला.

"काका, घात झाला! तुमच्या मागाशी बोलणारा प्रणालीतला जो भाग हाय, त्यो काढून टाकणार म्हणत्यात. जुना झालाय, कुणी वापरत न्हाय म्हणे. कुणाची हरकत असली तर कळवा, असं पत्र आलंय सगळ्यांना."

"हरकत? माझी हरकत हाय! लिही! आम्ही वापरतोय, हात लावाल तर गाठ माझ्याशी हाय!"

संगमेशनं यातला दम काढून टाकून सभ्य इंग्रजीत पत्र धाडलं. उत्तर लगेच आलं.

"ते म्हणत्यात, ठेवतो की, पण मग तुम्ही त्याची देखभाल कराल का? पण काका, त्याचा अर्थ असा की..."

नेमका तेव्हाच शेजारचा माग सुरू झाला. पुढचं काही ऐकू आलं नाही.

"व्हय म्हण!" बापूसो गरजले.

दुसऱ्या दिवशी प्रणालीच्या जागतिक यादीत नाव झळकलं: मेंटेनर, बापूसो मगदूम.

"मेंटेनर म्हंजे?"

"सांभाळणारा."

"म्हंजे कर्ताच की लेका! आणि दुसरा कोण उभा होता?"

"कुणीच न्हाय."

"बिनविरोध!" बापूसोंचा ऊर भरून आला.

ही बातमी शेजारच्या आकारामला कळली, आणि आकारामला कळलेली बातमी फ्लेक्सवर जायला एक रात्रही लागत नाही. आकारामच्या लेखी परदेश म्हणजे अमेरिकाच. चौकात बापूसोंचा गॉगल घातलेला फोटो लागला: 'अमेरिकेच्या संगणकाच्या कर्तेपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे एवढे चेहरे, की बापूसो स्वतः त्यातल्या निम्म्यांना ओळखत नव्हते.

मग लोक येऊ लागले. कोडोलीचे पाहुणे आले. "बापूसो, पोरगं कागलच्या एमआयडीसीत पाळ्या करून वाळलंय बघा. तुमच्या अमेरिकेत चिकटवा की!" बापूसोंनी सगळ्यांना चहा पाजला आणि "बघतो" म्हटलं. आपण नेमके कशाचे कर्ते आहोत हे त्यांना कळत नव्हतं, पण ते कुणाला विचारावं हेही कळत नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या भागावरून जर्मनीवाला आणि ब्राझीलवाला भांडायला लागले! निकाल मेंटेनरनं द्यावा, असं दोघांनी कळवलं.

"भांडण कशाचं हाय?" बापूसो पंच होऊन खुर्चीत सरसावून बसले.

"धागे कुठनं मोजायचे याचं. एक म्हणतोय शून्यापासनं, दुसरा म्हणतोय एकापासनं."

"शून्यावा धागा कधी बघितलायस का रं तू?"

"काका, संगणकात असतोय."

बापूसोंनी डोळे मिटले. मोठ्या माणसानं भावकी तुटू द्यायची नसते. "डावीकडं शून्यापासनं मोजा, उजवीकडं एकापासनं. दोघांचा बी मान राहतोय!"

"अवो काका, असं निम्मं-निम्मं चालत न्हाय!"

"भावकीत चालतंय! लिही!"

संगमेशनं लिहिलं. कर्त्याचा शब्द म्हणून तो बदल तसाच बसवला गेला. नेमकी त्याच आठवड्यात कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या साडीवाल्या शेठची मोठी ऑर्डर मागावर चढली होती. लग्नसराईचा माल. हा पसंत पडला तर वर्षभराचं काम बापूसोंकडं, नाहीतर इचलकरंजीतल्या दुसऱ्या कुणाकडं.

साड्या उतरल्या. पहिली साडी बापूसोंच्या बायकोनं, रत्नाबाईंनी, उजेडात धरली आणि किंचाळल्या.

"अवं, हिकडं या! ह्या मोराला मुंडकं न्हाय!"

"असंल की! नीट बघ."

"बघितलं! ह्याचं मुंडकं म्होरल्याच्या शेपटावर बसलंय!"

खरंच, काठभर मोर एकमेकांच्या शेपटीला चोच लावून चालले होते. शेठ आले. त्यांनी काठ उलटा धरला, सुलटा धरला, चष्मा काढून पाहिला.

"मगदूम, हे मोर हायत का आगगाडी?"

आयुष्यात पहिल्यांदाच बापूसोंचा आवाज मागाच्या खाली गेला. "शेठ, चूक झाली. चार दिवस द्या."

शेठनं चार दिवस दिले, पण चहा न घेता गेले. कबनुरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

संगमेशनं बदल मागे घेतला. जर्मनीवाल्यानं आणि ब्राझीलवाल्यानं भांडण विसरून, मिळून दुरुस्ती करून दिली. मोरांना आपापली मुंडकी परत मिळाली. माल वेळेत गेला, आणि या खेपेला शेठनं चहाही घेतला. पण रत्नाबाईंनी निकाल देऊन टाकला होता.

"त्ये कर्तेपण आधी सोडा! न्हायतर मी माहेरी कागवाडला जाते!"

बापूसोंनी संगमेशला बसवलं. "राजीनामा लिही."

"काका, दुसरं कुणी सांभाळायला तयार झालं तरच सुटका. न्हायतर त्यो भाग काढून टाकतील, आणि माग बंद."

"मग सगळ्यांना लिही, हा भाग वापरणाऱ्या कुणीबी म्होरं यावं, पद मानानं देतो. एवढ्या मोठ्या जगात एखादा तरी मिळंलच की!"

पत्र गेलं. सगळे वाट बघत बसले. आणि टिंग! एक पत्र आलं.

"आलं! आलं!" बापूसो खुर्चीतून उठलेच. "वाच, काय म्हणतोय?"

संगमेशनं वाचलं. मग हळू आवाजात म्हणाला, "हा भाग वापरणाऱ्या कुणीबी म्होरं यावं, पद मानानं देतो."

"अरं, हे तर मीच लिहिलंय!"

"व्हय. ह्या भागाविषयीची सगळी पत्रं आपोआप त्याच्या मेंटेनरकडं जात्यात."

"आणि वापरणारे? ते कुठं हायत?"

संगमेशनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. नेमका कुठलाच माग सुरू नव्हता. "काका, हुडकून बघितलं मी. जगात तुम्ही एकटेच हायसा."

बापूसो हळूहळू खाली बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "बघतो, म्हणून कळव."

"कुणाला?"

"ज्याचा अर्ज आलाय त्याला!"