गेटाबाहेर वळायचं नाही

गद्रे सरांच्या गाडीत बसणं सोपं आहे, ती हलणं अवघड. आपण बसतो, दार लावतो, सर इंजिन सुरू करतात आणि हँडब्रेक तसाच ठेवून बोलायला लागतात.

“गाडी माझ्या हातात आहे. पट्टा असा सुटतो, दार असं उघडतं. कॉलनीच्या गेटाच्या आत काही बिघडलं तर ब्रेक. गेटाबाहेर बिघडलं तर समोर जागा बघून थांबणार. मागे वळायचं नाही. बराबर? काही सवाल?”

सगळ्यांनी “नाही” म्हटल्याशिवाय हँडब्रेक सुटत नाही. जायचं असतं कुठे, तर चौकात पोहे-जिलबी खायला.

सर आमचे शेजारी. उभं आयुष्य त्यांनी छोट्या विमानांवर मुलांना उडायला शिकवलं. तिथे प्रत्येक उड्डाणाआधी, इंजिन फेल झालं तर काय करायचं, हे वैमानिकाने मोठ्याने म्हणायचं असतं; त्याला ब्रीफिंग म्हणतात. सर निवृत्त झाले, सवय निवृत्त झाली नाही.

वळायचं का नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

“देख भिया, विमान आत्ताच उठलंय, उंची नाही. इंजिन गेलं की मन म्हणतं, रनवे मागेच आहे, वळ. जो वळला तो पडला. समोर शेत दिसलं तर शेतात उतर, पण नाक सरळ ठेव.”

विमानापुरतं हे ठीक आहे. पण एकदा मल्हारगंजात पोचल्यावर गद्रे काकूंना आठवलं की गॅसवर दूध राहिलंय. सरांनी गाडी वळवली नाही. बाजूला लावली आणि मला फोन केला, “तू गेटाच्या आत आहेस ना? मग तुझ्याकडची आमची किल्ली घे आणि गॅस बंद कर.” दूध गेलं, पातेलं मी वाचवलं. माझ्या भाच्याच्या लग्नात तर त्यांनी घोडीवर चढणाऱ्या नवरदेवालाच गाठलं. “उतरायचं असेल तर आत्ता सांग. नंतर वळायचं नाही.” भाचा खरोखरच विचारात पडला, तेव्हा बहिणीने सरांना जेवायच्या मांडवात नेऊन बसवलं.

एवढं होऊनही मी त्यांच्या गाडीत आवडीने बसतो. इतक्या काळजीने दार कसं उघडायचं हे मला दुसरं कोणी सांगत नाही.

त्यांची एकुलती मुलगी ऋता. तिला जर्मनीत नोकरी लागली तेव्हा सरांनी कॉलनीभर मावाबाटी वाटली. मग तिकीट आलं. तेव्हापासून सर उगाच तिची बॅग वजनकाट्यावर ठेवायचे, उतरवायचे, पुन्हा ठेवायचे.

“यांना ती जायला हवीय आणि जायला नकोय,” काकू मला म्हणाल्या. “दोन्ही एकदम.”

निघायच्या दिवशी विमानतळावर सोडायला मीही होतो, मागे ऋताशेजारी. सरांनी इंजिन सुरू केलं आणि बोललेच नाहीत. हँडब्रेकवर हात ठेवून समोर बघत राहिले.

“बाबा, ब्रीफिंग,” ऋता म्हणाली.

सर खाकरले. “गाडी माझ्या हातात आहे.” पट्टा झाला, दार झालं, गेटाच्या आतलं झालं. “गेटाबाहेर काही बिघडलं तर...” इथे ते अडले. मग आरशातून तिच्याकडे बघत म्हणाले, “तर तू मागे वळ, बेटा. उंची-बिंची काही बघू नको. सरळ घरी ये. रनवे मोकळा आहे. काही सवाल?”

ऋताला “नाही” म्हणता येईना. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी मीच म्हणालो, “नाही, सर,” आणि हँडब्रेक सुटला.