खालच्या काकूंचा पंप

"आज कुणी काहीही बंद करायचं नाही!" ताईने सकाळीच जाहीर केलं.

खोक्यातल्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात बदकाची सहा अंडी गाढ झोपली होती. अठ्ठाविसावा दिवस, म्हणजे आजच पिल्लं! ऊब सांभाळणारं सर्किट ताईने स्वतः जोडलेलं. मागच्या खेपेला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पाण्याचा पंप बंद केला आणि तारेतून असा झटका आला की सर्किट जळालं, अंडी गारठली. ताई दोन दिवस धड जेवली नव्हती. या वेळी तिने झटका स्वतःच्या अंगावर घेणारी एक निळी चकती बसवली होती. तरी त्या चकतीचा काय भरवसा!

"मोटर बंद होताना झटका मारते. चालूच ठेवली तर कशाला मारेल?" ताई म्हणाली.

बाबांना हे इतकं पटलं की ते पंख्याखाली स्वेटर घालून बसले. आईच्या मिक्सरमध्ये साखरेची पिठीसाखर झाली, पिठीसाखरेचं धुकं झालं आणि ते झाकणाच्या फटीतून निघून घरभर तरंगायला लागलं.

"काकू, पंपही चालू ठेवा ना!" ताईने खिडकीतून विनवलं.

"अगं, टाकी भरली की!"

"भरू दे!"

गच्चीवरून पाणी ओसंडलं. खिडकीबाहेर उन्हात चमचमता पडदाच! सगळे गुंगून बघत राहिले. तेवढ्यात काकू दारात.

"माझ्या गाद्या तरंगतायत गं!"

"पाचच मिनिटं, काकू!"

"पाच मिनिटांत मीच तरंगेन!"

खट्ट! इतका भार सोसून दोन्ही घरांचा सामाईक फ्यूज उडाला. पंप, पंखा, मिक्सर, सगळं एकदम बंद. खोक्यात टप् झालं. ताईने झाकण उघडलं. चकती फुटली होती. सर्किट मात्र ठणठणीत.

"वाचलं!" ती नाचायला लागली.

"मग दिवा का लागत नाही?" बाबांनी विचारलं.

"वीज कुठंय?" म्हणता म्हणता ताईचा चेहरा उतरला. अंडी पुन्हा गारठणार!

दोन तिने घेतली, दोन आईने, एक बाबांनी. उरलेलं काकूंच्या ओंजळीत ठेवलं. "धरा. हलू नका."

"मी भांडायला आलेय!"

"बसून भांडा ना."

काकू बसल्या. घर एकदम शांत झालं. साखरेचं धुकं सगळ्यांच्या केसांवर हळूहळू उतरत होतं. त्या शांततेत काकूंच्या ओंजळीत टिक् झालं. पुन्हा टिक्. मग एक ओलं डोकं बाहेर आलं आणि काकूंकडे टकमक बघायला लागलं.

वायरमन आला, दिवा लागला, रात्रीपर्यंत बाकीची पाचही फुटली. ताई आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. पण ते पहिलं पिल्लू काही खोक्यात राहीना. काकू निघाल्या की तेही निघे. शेवटी त्या त्याला पदरात घेऊन गेल्या.

सकाळी बाबा ओशाळून बादली घेऊन खाली पाणी उपसायला गेले. काकू दारातच उभ्या होत्या, ओठांवर बोट ठेवून.

"राहू द्या हो," त्या कुजबुजल्या, "पोहतोय तो."