शेजारस्नेही गोळी

गोळीचा प्रश्न मार्गी लागला, तर व्हर्लन टॅकेटच्या पदरात बरंच काही पडणार होतं. मेस्किट कोर्ट या संकुलाच्या रहिवासी समितीचं अध्यक्षपद आणखी एक वर्ष. त्या पदासोबत येणारी, झाडाखाली गाडी उभी करायची जागा (ॲबिलीन गावाच्या रणरणत्या उन्हात हे इनामच). आणि सगळ्यांत मोलाची म्हणजे शेजारच्या मिस इडेला प्रूइट यांची मर्जी. व्हर्लन विधुर होता. तो शिंकला की भिंतीतून मिस इडेलांचा आवाज येई, "देव भलं करो रे तुझं!" दिवसभरात त्याच्याशी कुणी आपणहून बोलत असेल, तर तेवढंच.

संकुलाच्या फाटकाचं कुलूप दोन वर्षांपासून मोडलेलं होतं. त्यामुळे चोराची धास्ती होती, चोराच्या धास्तीने घरोघर पिस्तूल होतं, आणि पिस्तुलामुळे शेजाऱ्यांची धास्ती होती. कारण भिंती जिप्समच्या, गोळी सहज आरपार जाईल अशा. समितीने साधकबाधक विचार करून यातला तिसरा मुद्दा हाती घेतला.

"अरे, कुलूप बसवा की मेल्यांनो!" मिस इडेला बैठकीत म्हणाल्या.

"कुलूप आजच्या विषयपत्रिकेवर नाही, मिस इडेला," व्हर्लन अदबीने म्हणाला. "आणि ही सगळी धडपड तुमच्यासाठीच आहे. तुमच्या आणि माझ्या पलंगात जेमतेम वीतभर अंतर आहे."

"ते चारचौघांत सांगायलाच हवं होतं का?"

घरसंरक्षणासाठी भिंत न भेदणारी गोळीच वापरावी, असा ठराव एकमताने झाला. ती शोधायला व्हर्लन डेल्बर्टच्या बंदुकांच्या दुकानात गेला.

"माणूस थांबला पाहिजे, पण भिंत फुटता कामा नये," त्याने अट सांगितली.

"भिंत कशाची?"

"जिप्समची."

"म्हणजे कागदात गुंडाळलेला खडू. त्याला भिंत म्हणता हा तुमचा मोठेपणा, साहेब." डेल्बर्टने पाच खोकी काढून ठेवली. एकावर हसरं कुटुंब छापलं होतं आणि खाली 'शेजारस्नेही' असं लिहिलं होतं. "ही घ्या. ही थांबते."

"कुठे?"

"शेवटी कुठेतरी थांबतेच की."

समितीने गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर रीतसर चाचणी घेतली. पुढे एक कलिंगड, पदनाम 'चोर'. मध्ये जिप्समची भिंत. मागे दुसरं कलिंगड, पदनाम 'शेजारी'. चार खोक्यांतल्या गोळ्यांनी चोर, भिंत आणि शेजारी अशा क्रमाने आपलं काम केलं. पाचवी भिंतीतच अडकली. पण तिने चोरालाही नुसतंच ओरखडलं. 'शेजारी सुरक्षित, चोरही समाधानकारक,' अशी नोंद झाली, आणि फुटलेले शेजारी मीठ लावून सगळ्यांनी खाल्ले.

गोळीला शिस्त लावता येत नाही, हे सिद्ध झालं. तेव्हा शेजाऱ्याला लावावी, असं ठरलं. प्रत्येकाने आपल्या घरातून गोळी कोणत्या बाजूला झाडली जाईल, ते नकाशावर बाण काढून कळवायचं आणि शेजाऱ्याने त्यानुसार झोपायचं. लोकांनी मन लावून बाण काढले. प्रत्येकाने आपला टीव्ही वाचवला, फ्रिज वाचवला. मिस इडेलांकडे वरून एक बाण आला, खालून एक आला, उजवीकडून एक आला.

व्हर्लनपुढे दोनच भिंती होत्या. एकीपलीकडे मिस इडेला. दुसरीपलीकडे ते झाड, आणि झाडाखाली त्याचा नवाकोरा ट्रक. त्याने बराच वेळ पेन्सिल चावली.

आठवड्याने मिस इडेला पत्र घेऊन दारात उभ्या राहिल्या. "'आपल्या सदनिकेत बिडाचा बाथटब हीच झोपण्यास योग्य जागा आढळते. उशी समितीतर्फे मिळेल.' खाली सही तुझी."

"अध्यक्ष या नात्याने, मिस इडेला."

"आणि हा डावीकडचा बाण? तो कुठल्या नात्याने?"

व्हर्लनने मान खाली घातली. "ट्रक नवा आहे, मिस इडेला."

"हो बाबा. जुनी मीच आहे."

महिनाअखेरीस त्या बहिणीकडे ॲमारिलोला निघून गेल्या. सामान न्यायला आलेला ट्रक मोडक्या कुलपाच्या फाटकातून थेट आत आला. कुणाचा, कशाला, हे कुणी विचारलं नाही.

वार्षिक अहवालात व्हर्लनने वाचून दाखवलं, "पलीकडची सदनिका रिकामी झाल्यामुळे त्या भिंतीचा धोका शून्यावर आला आहे." टाळ्या पडल्या. अध्यक्षपद पुन्हा त्यालाच मिळालं. घरी येऊन तो शिंकला. थोडं थांबून, जरा मोठ्याने, पुन्हा शिंकला.

तर एकूण जमाखर्च असा: चोर आलाच नाही. गोळी सुटली नाही. ट्रकला ओरखडा नाही. किंमत मोजली ती मिस इडेलांनी एकदाच, आणि व्हर्लन शिंकेगणिक मोजतो आहे. आपल्या भिंती मात्र पक्क्या विटांच्या. पलीकडची शिंक मुळात ऐकूच येत नाही, त्यामुळे आपल्याला तेवढाही खर्च नाही.