शब्द परत आणायला गेलेली माणसं

“बाबा, मी हाडांच्या विभागात जाणार नाही,” असं मुलीने सांगितलं तेव्हा चष्मेकाकांच्या चिमटीत एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू होता. तीळभर आकाराचा तो स्क्रू हातातून सुटला, टेबलावर एकदा उडाला आणि फरशीवर कुठे गडप झाला तो झालाच. एरवी काकांनी सगळं दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज ते नुसते मुलीकडे बघत राहिले.

“जाणार नाही म्हणजे? चिंगे, तू शब्द दिलायस!”

दिला होता खरा. चिंगी डॉक्टर झाली होती आणि आता पुढच्या शिक्षणासाठी त्याच इस्पितळात निवासी डॉक्टर म्हणून राहणार होती. हाडांच्या विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी तिला बोलावून सरळ विचारलं होतं, “जागा एकच आहे. तुला दिली तर येशील ना? मागाहून कच खाल्लेली मला चालत नाही.” आणि चिंगीने मान ताठ करून “येईन सर, नक्की येईन,” असं सांगितलं होतं. तिच्या शब्दावर विसंबून सरांनी दुसऱ्या एका मुलाला थांबायला सांगितलं होतं. शनिवारी यादी लागणार होती.

काकांनी मात्र यादीची वाट पाहिली नव्हती. दुकानात डोळे तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावता लावता ते विचारत, “खालची ओळ दिसते? नाही? बरं, ऐकू तर येतं ना? माझी मुलगी हाडांची सर्जन होणार!” गल्लीतल्या निम्म्या लोकांना जवळचं दिसत नव्हतं, पण ही बातमी सगळ्यांना ठाऊक होती.

“गेला महिनाभर मी भुलीच्या विभागात होते ना, बाबा,” चिंगी म्हणाली. “एक आजोबा होते. ऑपरेशनला इतके घाबरले होते की टेबलाची कड सोडेनात. सर्जन हात धूत होते. आमच्या विभागाच्या प्रमुख बाई आजोबांच्या उशाशी बसल्या, दोन शब्द बोलल्या आणि हात हातात घेऊन त्यांना झोपवलं. मग ऑपरेशन संपेपर्यंत त्यांच्या एकेका श्वासाची राखण केली. मला तेच काम करायचंय.”

“पण अगं, तू कामाला लागलीस की पेशंट झोपणार! तुझं नाव कुणाला कळणार?”

“बाबा, तुमचा चष्मा नीट बसला की माणूस तो नाकावर आहे हेच विसरतो. घरभर शोधत फिरतो. मग तुमचं काम फसलं म्हणायचं का?”

काका फरशीवर स्क्रू शोधायला वाकले. आपल्याच पोरीने आपल्याच धंद्यातला दाखला देऊन आपल्याला चीत केलं, याचा राग यायला हवा होता. आला अभिमान. आणि हाच अभिमान पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ ठरला.

कारण मामला सरळ नव्हता. मोठे सर आणि भूलवाल्या बाई यांचं जन्माचं वाकडं. ऑपरेशनच्या टेबलाच्या एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला बाई आणि मध्ये कापडी पडदा. सर ओरडत, “बाई, पेशंट हलतोय!” पडद्याआडून उत्तर येई, “पेशंट स्वस्थ आहे. तुम्ही हलताय.” चिंगीने बाईंकडे जागा मागितली, तेव्हा बाईंनी स्वच्छ सांगितलं, “जागा आहे. पण दुसऱ्याच्या शेतातलं कणीस मी तोडत नाही. आधी त्यांच्याकडून मोकळी होऊन ये. आणि शनिवारच्या आत बोल, म्हणजे त्या थांबवलेल्या मुलाचं वर्ष तरी वाचेल.”

“मी आजच जाते सरांकडे,” चिंगी म्हणाली.

“तू थांब!” काका उठलेच. “लहान तोंडी मोठा घास कशाला? सरांचा नवा चष्मा तयार आहे. तो द्यायला जातो आणि जाता जाता हेही उरकून टाकतो. बोलण्याची एक पद्धत असते.”

गुरुवारी दुपारी काका गेले आणि संध्याकाळी परत आले. चेहरा उजळलेला, चाल मात्र चोरट्या मांजरासारखी.

“सांगितलंत ना?” काकूंनी विचारलं.

“सांगितलं.”

“काय सांगितलंत?”

“की... ती नक्की येईल.” काकांनी चपला काढण्यात बराच वेळ घालवला. “आणि वर एक वर्ष जास्त राहील.”

“अहो!”

“अगं, माझं ऐकून तर घे! मी त्यांच्या नाकावर चष्मा बसवत होतो. ते माझ्या बोटांकडे बघत म्हणाले, ‘तुमच्या मुलीने मागे एकदा एका लहान मुलाच्या मोडक्या मनगटाला प्लास्टर घातलं. पोरगं रडलंसुद्धा नाही. हा हात हिला कुठून मिळाला असेल, ते आज कळलं.’ आता असं बोलल्यावर कुणाच्या तोंडून नकार निघेल?”

“माझ्या तोंडून निघेल,” काकू म्हणाल्या.

हे मात्र खोटं नव्हतं. काकू वीजबिलाच्या खिडकीवर बसत. “आज होणार नाही,” “साहेब जागेवर नाहीत,” “पलीकडच्या खिडकीवर विचारा,” हे दिवसभर म्हणून म्हणून त्यांची जीभ नकाराला इतकी सरावली होती, की घरीसुद्धा कुणी चहा मागितला तर आधी “नाही” निघे आणि मग चहा. अशा बाईपुढे मोठ्या सरांचा काय टिकाव लागणार!

शुक्रवारी सकाळी काकू ऑफिसला जाण्याआधी इस्पितळात गेल्या. दुपारी काकांनी दुकानातून फोन केला.

“काय गं, झालं का?”

पलीकडून अगदी खालच्या आवाजात उत्तर आलं, “पुढची तीन वर्षं ती लग्नाचा विचारसुद्धा करणार नाही, असं मी सांगून आलेय.”

“तुला लग्नाबद्दल विचारलं कुणी?”

“कुणी नाही! ते म्हणाले, ‘वॉर्डात नातेवाइकांची गर्दी झाली की आमचे सगळे चिडतात. तुमची मुलगी एकेकाला शांतपणे समजावते. हा संयम नक्की आईचा.’ अहो, इतकी वर्षं त्या खिडकीत बसतेय. लोकांनी मला काय काय म्हटलंय, पण संयमी कुणी म्हटलं नव्हतं! मला काही सुचेना. म्हटलं, आपणही काहीतरी द्यायला हवं.”

काकांनी फोन ठेवला आणि दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. चिंगी आत काउंटरवर डोकं टेकून बसली होती.

“म्हणजे मी दिला होता एक शब्द. तुम्ही दोघांनी मिळून त्याचे तीन केलेत.”

“आता तू चल,” काका ओशाळून म्हणाले. “मी नुसता सोबत येतो. बोलणार नाही.”

“एक अक्षरही नाही, बाबा.”

“खालच्या ओळीतलंसुद्धा नाही.”

मोठ्या सरांची खोली अरुंद होती. टेबलावर प्लास्टिकचा गुडघा, भिंतीवर उजेडाच्या चौकटीत लावलेला कुणाच्या तरी खांद्याचा एक्स-रे. नाकावरचा नवा चष्मा अगदी सरळ बसला होता, हे काकांनी आधी पाहून घेतलं. मग ते कोपऱ्यातल्या स्टुलावर हाताची घडी घालून बसले.

“या!” सर म्हणाले. “वडील एक वर्ष वाढवून गेले, आई लग्न पुढे ढकलून गेल्या. तू काय वाढवायला आलीस?”

“मी कमी करायला आलेय, सर.” चिंगीचा आवाज कापला, पण थांबला नाही. “मी तुम्हाला शब्द दिला होता. दिला तेव्हा तो खरा होता. आता माझं मन बदललंय. मला भूलशास्त्राकडे जायचंय. आज सांगतेय, कारण आज सांगितलं तर तुम्ही थांबवलेल्या मुलाला बोलावता येईल. चूक माझी आहे. माफी मागते.”

सरांचा चेहरा लाल झाला. काकांच्या ओठांवर “ती तसं म्हणत नाहीये सर” हे शब्द आले होते. त्यांनी ते महत्प्रयासाने गिळले. पोरगी उभी होती ती मात्र सरळ, सरांच्या नजरेला नजर देऊन. काकांना वाटलं, सर्जन न होईना का, पण हे जे तिने आत्ता केलं ते आपल्या दोघांनाही जमलं नव्हतं.

“भूलशास्त्र!” सर गरजले. “म्हणजे त्या बाईंकडे! पडद्याच्या पलीकडे! माझं माणूस पळवतात काय? थांब, आत्ताच्या आत्ता सांगतो त्यांना, ही मुलगी तुम्हाला मिळणार नाही म्हणून!”

त्यांनी फोन फिरवला. बाईंचा आवाज खणखणीत. समोरच्या खुर्चीपर्यंतच काय, काकांच्या स्टुलापर्यंत स्पष्ट ऐकू येत होता.

“बाई, ही मुलगी तुम्ही घ्यायची नाही!”

“कोण घेतंय?” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्हाला टाकाऊ वाटलेली मुलगी मला कशाला?”

“टाकाऊ?” सर खुर्चीतून उठले. “टाकाऊ कुणाला म्हणता? या तुकडीत तिच्या तोडीचं कुणी दाखवा!”

“असेल. पण भुलीच्या कामाला हात हलका लागतो. तुमच्याकडे हातोड्याची सवय.”

“अहो, मोडक्या हाडाला हात लावला तरी पोरगं रडत नाही, इतका हलका हात आहे तिचा!”

“डोकं थंड लागतं. तुमच्या तालमीत ते कुठून येणार?”

“आत्ता माझ्यासमोर उभं राहून मला तोंडावर नाही म्हणाली ती! माझ्यासमोर! या इस्पितळात आजवर कुणाची छाती झालीय? याहून थंड डोकं तुम्हाला कुठे मिळणार?”

“तरीपण मला विचार करावा लागेल...”

“विचार कसला करताय?” सरांनी टेबलावर मूठ आपटली. प्लास्टिकचा गुडघा वाकला. “उद्याच्या यादीत तिचं नाव तुमच्याकडे पहिलं लागलं पाहिजे! नाहीतर माझ्याशी गाठ आहे!”

“बरं बाई,” पलीकडून एक उसासा आला. “तुमचा इतका आग्रहच असेल तर घेते.”

सरांनी फोन आपटला. विजयी मुद्रेने त्यांनी आधी चिंगीकडे पाहिलं, मग काकांकडे.

“बघितलंत? कशा सरळ झाल्या! माझ्या हाताखालच्या मुलीला नाही म्हणतात म्हणजे काय?”

चिंगीने खालचा ओठ दातांत घट्ट धरला होता.

सर खुर्चीत बसले. हळूहळू त्यांची मूठ सैल झाली. फोनकडे बघता बघता कपाळावर एक आठी उमटली, मग दुसरी.

“पण मी...” ते पुटपुटले, “मी फोन कशाला केला होता?”

काका स्टुलावरून उठले. मुलीला दिलेलं वचन त्यांनी इतका वेळ पाळलं होतं. आता मात्र राहवेना. सरांच्या खांद्यावर त्यांनी अलगद हात ठेवला.

“होतं असं, सर,” ते मायेने म्हणाले. “काल मीसुद्धा नकार द्यायलाच आलो होतो.”