देवानंदरावांचं लॉगशीट

कमलिनीबाई पोह्यांवर कोथिंबीर टाकत होत्या, तोच मलेशियाहून निखिलचा व्हिडिओ कॉल आला. चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी गेलेल्या पोराचा चेहरा आज पडलेला होता.

"आई, घाबरू नको. लघवी लाल होऊन राहिली, कालपासून."

कोथिंबीर हातातच राहिली. बाईंच्या वडिलांचंही असंच लाल रंगानं सुरू झालं होतं, आणि पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नव्हती.

"डॉक्टरले दाखवलं?"

"सोमवारची अपॉइंटमेंट मिली है."

"आज तं शुक्रवार!"

शेजारच्या सिंधुताई वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी उंबरठ्यावरूनच निदान केलं. "उष्णता होय ते. धण्याचं पाणी पी म्हणा, अन् थंड फळं खा म्हणा."

"इथं थंड म्हणजे ड्रॅगन फ्रूट," निखिल म्हणाला. "आतून लालभडक. मस्त लागते. परवाच खाऊन पाहिलं."

"मग रोज दोन खा," बाईंनी फर्मावलं.

निखिलचे वडील देवानंदराव यांचा जन्म स्टील प्लांटच्या भट्टीसमोर गेलेला. त्यांनी चष्मा चढवला. "निखिल, लॉगशीट बनव. काय खाल्लं, कधी खाल्लं, रंग किती. भट्टीत काय टाकलं ते लिहिल्याशिवाय काय निघालं ते समजत नाही."

"अहो, पोरगा हाये तो, भट्टी नाही!"

शनिवारी रंग गडद झाला. "तीन खा!" बाई ओरडल्या, आणि फोन ठेवून देव्हाऱ्यापुढे बसल्या. "त्याचं दुखणं मले दे, पण त्याले सोड." वर उपास धरला, नुसत्या फळांवर. सिंधुताईंनी हुडको कॉलनीच्या बाजारातून नेमकी तीच फळं आणली. "लेकरू खाते तेच मायनं खावं." बाईंनी दोन खाल्ली.

रविवारी सकाळी बाई भिंतीला धरून बाथरूममधून बाहेर आल्या. लाल! देवानं ऐकलं होतं.

देवानंदरावांना चहा देताना त्या एवढंच म्हणाल्या, "लोणच्याची बरणी वरच्या फळीवर हाये. गॅसचं पुस्तक कपाटात."

"कावून सांगून राहिली?"

"असंच."

मग फोन लावला. "आता उतरलं असंन ना रे?"

"और बढ़ गया, आई!"

बाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. इकडे दिलं, आणि तिकडचं काढलंही नाही? हा कुठला न्याय?

देवानंदराव मोबाईलवर आलेलं लॉगशीट पाहत होते. "परवा दोन, काल तीन. जितकं फळ, तितकं लाल. निखिल, आजपासून एकबी खाऊ नको."

सोमवारी निखिलची लघवी निवळशंख. तिथला डॉक्टर म्हणे पोट धरून हसला; तपासणीतही काही निघालं नाही. बाई पदर तोंडाला लावून रडल्या.

देवानंदरावांनी चष्मा काढला. "अन् तू किती खाल्ले?"

"काय?"

"कचऱ्याच्या डब्यात दोन फळांची सालं हायेत. अन् लोणच्याची बरणी कुठं राहते, हे तू बत्तीस वर्षांत मले कधी सांगितलं नाही." ते चष्म्याची काच पुसू लागले. "मी रात्रभर जागा होतो, अवो."

बाई लाजून देव्हाऱ्याकडे गेल्या. "मागणं परत घेते," त्या पुटपुटल्या. मग वळता वळता थांबल्या, आणि जरा हिरमुसून विचारलं, "पण देवा, ऐकलं तरी होतं का?"