गुणगुणण्याची व्याख्या

शब्दकोशाच्या कचेरीत ‘गुणगुणणे’ या नोंदीवर काम अडले, तेव्हा उपसंपादकाची नोकरी अजून तात्पुरतीच होती. ही नोंद मंजूर झाली की कायम करतो, असे प्रमुखांनी त्याला सांगून ठेवले होते. असे ते याआधीच्या चार नोंदींच्या वेळीही म्हणाले होते.

शब्दाचे मूळ सोपे होते. भुंगा गुणगुण करतो, त्या आवाजावरून शब्द आला. पण प्रमुखांना भुंग्याचे उपकार नको होते. “अंगी गुण असतो तो गुणगुणतो,” ते म्हणाले. उपसंपादकाने मान डोलावली. तात्पुरत्या माणसाची मान फार लवचीक असते. बिचाऱ्या भुंग्याची सोय कशीबशी कंसात लागली.

“आता अर्थ. तोंड उघडं असतं की बंद? नीट बघून लिहा.”

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत गुणगुणत होती. उपसंपादक खुर्ची ओढून तिच्या ओठांसमोर बसला.

“काय बघताय?”

“गुणगुणताना तू तोंड बंदच ठेवतेस ना?”

“लग्न झाल्यापासून तेच तर करतेय.”

गाणे तिथेच थांबले. त्याने फारच गयावया केली तेव्हा तिने ताठ बसून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे अख्खे गाणे म्हटले. ते कोशाच्या काही कामाचे नव्हते.

मग तो गल्लीतल्या शिंप्याकडे गेला. शिंपी मशीनवर कायम गुणगुणत असे. पण हा टक लावून बसल्यावर तो गप्प झाला, गडबडला आणि कोटाची बाही उलटी लावून बसला.

“तुमच्यामुळं झालं हे. आता शिवण उसवू लागा.”

“कोट कुणाचा आहे?”

“तुमच्याच साहेबांचा.”

उपसंपादक निमूटपणे धागे ओढू लागला. थोड्या वेळाने शिंपी त्याला विसरला आणि पुन्हा गुणगुणू लागला. उपसंपादकाच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी जाऊन त्याने लिहिले: ‘स्वतःच्या नकळत, हलक्या आवाजात गाणे.’ इतके खरे वाक्य आपण आजवर लिहिले नाही, असे वाटून तो मनापासून सुखावला.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी कागद पुढे ओढला आणि वाचता वाचता ते गुणगुणू लागले. चांगले कडवेभर. सगळ्या कचेरीने माना वर केल्या. ‘नकळत’पाशी ते थबकले.

“नकळत? माणसाला आपण गातोय हे कळत नाही? इतकी वर्षं मी या खुर्चीत बसतोय. मी कधी गुणगुणलोय?”

उपसंपादकाने सहकाऱ्यांकडे पाहिले. सहकाऱ्यांना एकदम आपापल्या खणांत काहीतरी शोधायचे होते.

“नाही, साहेब.”

“मग ‘मुद्दाम’ लिहा.”

त्याने ‘स्वतःच्या नकळत’ खोडले आणि ‘मुद्दाम’ लिहिले. प्रमुखांनी नोंद मंजूर केली आणि नेमणुकीचा कागद जवळ घेतला. सही करताना त्यांचे दुसरे कडवे सुरू झाले. उपसंपादकाला स्वतःची लाज वाटली. पण साहेबांचा हात थांबू नये म्हणून तो अगदी हळूच ताल धरून उभा राहिला.