लॅपटॉपला गाल लावणारे नथ्थूकाका

नथ्थूकाकांना घरातून उठवायचं असेल तर पंखा बंद करावा लागतो. दुसरा इलाज नाही. चहाचा कप उचलून न्या, जांभया द्या, पोरांना अभ्यासाला बसवा, ते ढिम्म हलत नाहीत. खोलीत पंखा फिरतोय तोवर हा माणूस खोली सोडत नाही. बटण बंद केलं, पाती थांबली, की गुडघ्यांवर हात टेकून उठतात आणि "चालतो मंग" म्हणून चपला शोधू लागतात. भर उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कुणाकडे पंखा बंद दिसला, की समजावं आत नथ्थूकाका बसलेत आणि घरची माणसं घामाघूम होऊन त्यांच्या जाण्याची वाट पाहताहेत.

यात त्यांचा फारसा दोष नाही. वणीबाहेर जी भूमिगत कोळशाची खाण होती, तिथे ते तीस वर्षं फॅन खलाशी होते. खाणीच्या तोंडापासून जरा दूर, एका पत्र्याच्या शेडमध्ये घराएवढा पंखा असायचा आणि तो जमिनीखालच्या माणसांना हवा पुरवायचा. त्या पंख्यापाशी एका माणसानं आठ तास बसायचं, त्याचा आवाज ऐकायचा, तासातासाला नोंद करायची आणि जागा सोडायची नाही. "खाली शे-दीडशे मानूस," काका सांगतात. "ड्युटीवर एकाचंही तोंड पाह्यलं नाही मी. पंखा चालू म्हंजे ते चालू, तेवढंच मालूम." पुढे खाण बंद झाली. पंख्याचा स्विच शेवटचा पाडायचा होता, त्या दिवशी काकांनी रजा टाकली. आजारी नसताना घेतलेली त्यांची तेवढी एकच रजा असावी.

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. "समोर बस, तोंड वर कर" असं म्हणायचा हक्क खरा माझा. पण काका आमच्याकडे आले की मलाच म्हणतात, "बाई, अशी समोर बस. उजेडात. बोलताना तोंड दिसू दे." मी ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता काही विचारलं तर उत्तर देत नाहीत, स्वतःचंच घोडं पुढे दामटतात. मी त्यांना आगाऊ म्हातारा समजत होते आणि घरात तसं बोलूनही दाखवत होते. काकू जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा सुरतेला आहे आणि तिकडेच रमलाय, हे मला माहीत होतं. पण म्हणून काही माणसानं दुसऱ्याच्या घरी येऊन हुकूम सोडू नयेत, असं माझं मत होतं.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. "हवा कुठून येते अन् कुठं जाते, तेवढं सांग." शेजारच्यांनी वास्तुशांतीला बोलावलं, तर पूजा राहिली बाजूला, हे सगळ्या खोल्यांतून हाच प्रश्न विचारत फिरले. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. "सुनेले कोंडून माराची हाये का?" असं त्यांनी भर पंगतीत यजमानांना विचारलं. महिन्याभरात भिंत फोडून खिडकी बसवली गेली. काकांना मात्र त्या घरी पुन्हा कुणी बोलावलं नाही.

लॅपटॉपशी त्यांचा संबंध या हवेपायीच आला. आमच्या गावात सकाळी पुसलेलं टेबल दुपारी काळं होतं. कोळशाचे ट्रक जातात, धूळ उडते, ती अन्नात जाते, छातीत जाते, तशी यंत्रांतही जाते. समोरच्या घरातल्या मुलाचा लॅपटॉप दहा मिनिटांत तापून बंद पडायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, नवीन घ्या. काकांनी तो मांडीवर पालथा घातला, मागचे स्क्रू काढले आणि आतल्या इवल्याशा पंख्यावर बसलेला काळा थर दाढीच्या ब्रशनं साफ केला. लॅपटॉप चालू झाला. तेव्हापासून गल्लीतला एकही विद्यार्थी काकांना सोबत घेतल्याशिवाय लॅपटॉप आणायला गेला नाही. "धुळीनं नाही मरत मशीन," ते सांगतात. "दम कोंडून मरते."

आमच्या मनालीला, म्हणजे मनूला, नागपूरला भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला, तेव्हा आमचीही पाळी आली. नकाशांची जड सॉफ्टवेअर चालवायची, फील्डवर घेऊन हिंडायचा, आणि पदवी हातात पडेपर्यंत टिकायला हवा. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, एकदाच घेणार, दुसरा मागायचा नाही. होस्टेलची फी भरल्यावर माझ्यात तेवढंच बळ उरलं होतं. मनूनं बिचारीनं आठवडाभर बसून यादी केली, प्रोसेसर कोणता, रॅम किती, एसएसडी किती. काकांनी दुकानात ती यादी चष्मा लावून नीट वाचली, घडी घातली आणि तिच्याच हातात दिली.

"हे तू पाह्य," ते म्हणाले. "मी दम पाह्यतो."

दुकानदारानं एक पातळ, चंदेरी लॅपटॉप काढला. मनूचे डोळे लकाकले. काकांनी सदऱ्याच्या खिशातून उदबत्ती काढून पेटवली. गिऱ्हाईक पूजा करून घेतंय असं वाटून दुकानदारानं भाविकपणे कुंकवाची डबी पुढे सरकवली. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते उदबत्तीचा धूर लॅपटॉपच्या कडेकडेनं फिरवत, तो कुठे आत ओढला जातो ते वाकून बघत होते. "हे पोटाखालून दम घेते," त्यांनी निकाल दिला. "पोरी गादीवर ठेवतेत. नाक दाबल्यावानी होईन."

मग त्यांनी त्या दुकानातले सात लॅपटॉप तपासले. प्रत्येक चालू करायला लावायचा आणि त्याच्यावर गाल टेकून डोळे मिटायचे. पाच मिनिटं. दुकानात गर्दी होती. एक मुलगी मोबाइलवर शूटिंग करायला लागली. मी ओळख नसल्यासारखी दुसऱ्या टोकाला जाऊन मोबाइलची कव्हरं चाळत उभी राहिले. दर वेळी गाल उचलला की काका म्हणायचे, "उथळ हाये," किंवा "हा धापा टाकते," आणि दुकानदार तोंड वाकडं करून पुढचा काढायचा.

शेवटी खालच्या फळीवरून एक काळा, जाडजूड लॅपटॉप निघाला. कुठल्याशा ऑफिसानं वापरून काढलेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला. काकांनी त्याची बिजागरी वीस वेळा उघडली-मिटली, कळा एकेक करून दाबल्या, पालथा घालून स्क्रू मोजले आणि गाल टेकला. या वेळी बराच वेळ. "हा घे," ते म्हणाले. "बाजूनं दम टाकते. अन् मांगून उघडते. साफ कराले कोनाच्या पाया पडा लागनार नाही." मनूच्या यादीतलं बहुतेक सगळं त्यात होतं, रॅम वाढवून मिळणार होती, आणि चंदेरीच्या निम्म्या किमतीत काम होत होतं. मनू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, ही वीट आहे." मी वीट घेतली. मनू घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

काका या कामाचे पैसे घेत नाहीत. चहासुद्धा नाही. त्यांची अट एकच असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता फोन करायचा आणि तो लॅपटॉपच्या पंख्यापाशी धरायचा. "आवाजावरून सांगतो मी, बरा हाये का नाही ते." गल्लीतल्या डझनभर मुलांनी हे कबूल केलं होतं. पोरं दोन-तीन महिने होस्टेलवर मित्रांना जमवून, स्पीकर लावून ही गंमत करायची. नंतर विसरायची. कुणी नोकरीला लागलं, कुणाचा लॅपटॉप बदलला, एकेकाचा फोन बंद होत गेला. आमची मनू मात्र नेमानं करत राहिली. सुट्टीत घरी आली की ती काकांची नक्कल करायची. मान तिरकी, डोळे मिटलेले, आणि दर महिन्याची तीच तीन वाक्यं. "आवाज साफ हाये. चांगला चालून राह्यला. जपजो." आम्ही पोट धरून हसायचो.

मनूच्या दुसऱ्या वर्षाची थंडी होती. रविवारी गोळाभात केला होता, त्यातला एक डबा घेऊन मी काकांकडे गेले. ते खुर्चीवर मोबाइल दोन्ही हातांत धरून बसले होते, दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा घातलेला. मी म्हटलं, "काय हो, कुठे निघालात का?" त्यांचं लक्ष मोबाइलवर होतं. तेवढ्यात तो थरथरला. काका फोनचा आवाज पार शेवटापर्यंत चढवून ठेवतात, त्यामुळे मनूचा शब्द न् शब्द मला दारातून ऐकू आला.

"काका, लॅपटॉप बंद पडला." ती रडत होती. "कालपासून चालूच नाही होऊन राह्यला. फील्ड रिपोर्ट त्यातच आहे, बुधवारी द्यायचा आहे. आईला नाही सांगितलं मी. ती दुसरा घेऊन देऊ शकत नाही, मला माहीत आहे. तुम्हीच सांगा ना, काय करू?"

काकांनी फोन कानाला लावला होता. डोळे मिटलेले, मान तिरकी.

"आवाज साफ हाये," ते म्हणाले. "चांगला चालून राह्यला. जपजो."

"काका?"

"हो, हो. जपजो."

पलीकडे काही क्षण नुसतं मुसमुसणं ऐकू आलं. माझ्या हातात डबा तसाच. लेक रडत होती, तर मी फोन हिसकावून घ्यायला हवा होता. पण मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, इतका तो समाधानी होता.

लॅपटॉपचं नंतर निभावलं म्हणायचं. मनूनं मैत्रिणीच्या मशीनवर तीन दिवस बसून रिपोर्ट पुन्हा लिहिला. तिकडच्या दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. पंखा मात्र एकदम नव्यासारखा आहे म्हणाला.

पण त्या घटकेला मला एवढंच कळत होतं, की या माणसाला काहीही ऐकू आलेलं नाही. तीस वर्षं त्या गर्जणाऱ्या पंख्याशेजारी बसलेल्या माणसाचे कान शाबूत असतील, असं आम्ही सगळ्यांनी कोणत्या हिशेबानं धरलं होतं? लॅपटॉपला गाल लावून ते कधी ऐकत नव्हतेच, थरथर बघत होते. मी शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि समोरचा माणूस ओठ वाचतोय हे मला कळलं नाही. त्याला मी आगाऊ म्हणत होते. मला स्वतःची लाज वाटली.

काकांनी डोळे उघडले आणि मी दिसले.

"काय झालं, बाई?"

"काही नाही."

"तुहं तोंड तसं नाही म्हनत."

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि हळूहळू, ओठ नीट उघडून सांगितलं. लॅपटॉप बंद पडलाय. मनू रडत होती. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"मले ऐकू नाही येत," ते म्हणाले. "खानीत होतो तवाच अर्धं गेलतं. आता सहा वर्षं झाले, काहीच नाही."

"मग हा फोन कशाला, काका?"

"हातात थरथरते ना. चष्मा लावला का नाव दिसते. तिकून कोनीतरी हाये, तेवढं समजते."

"सांगायचं होतं की आम्हाला."

ते हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही. "बहिऱ्याले फोन कोन करते, बाई?"

काका फोनकडे बघत होते. "पोरगी रडून राह्यली," ते स्वतःशीच म्हणाले, "अन् म्या म्हटलं, चांगला चालून राह्यला." मग एकाएकी त्यांनी फोन तोंडासमोर आडवा धरला आणि खाणीतल्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात बोलायला लागले.

"मनू, आयक. मी बोलतो, तू नुसती आयक. मशीन गेली तर जाऊ दे. निवड माही चुकली, तुही नाही. आईले सांग. थे नाही रागावत, माह्या समोरच बसली हाये. रडू नको. काल रात्री जेवली का तू? आधी काही खा, मंग दुसऱ्याच्या मशीनवर लिहाले बस. हात तर हाये ना तुहे?"

काकांचा वाचायचा चष्मा खिडकीत पडला होता. फोनचा पडदा मला दिसत होता. मनूनं फोन केव्हाच ठेवून दिला होता.

काका मध्ये मध्ये थांबत होते. तिला बोलायला जागा देत होते. थोडं थांबून "हो, हो" म्हणायचे आणि पुढचं बोलायचे. अधूनमधून माझ्याकडे बघायचे, तेव्हा मी मान हलवत होते आणि चेहरा जमेल तितका सरळ ठेवत होते.